तळीचा रिकामा पाट

१९९५ साल. मला एकसष्टावं लागलं होतं, आणि तंजावरातल्या आमच्या भाऊबंदांत चंपाषष्ठीचा मान माझ्याकडे होता. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

खंडोबाचा चांदीचा टाक आमच्या देव्हाऱ्यात. मार्गशीर्षातल्या षष्ठीला सगळे आमच्याकडे जमायचे. ताम्हणात विड्याची पानं, सुपाऱ्या, नारळ आणि भंडारा, म्हणजे हळद. भोवती पाटांवर बसायचं, सगळ्यांनी हात लावून ताम्हण तीनदा उचलायचं आणि येळकोट करायचा. त्याला तळी उचलणं म्हणतात. पहिला येळकोट ज्याच्या तोंडून निघतो, मान त्याचा. आजोबांनंतर तो बापाकडे आला, बापानंतर माझ्याकडे. मी शिकलो तिसरीपर्यंत, तेही तमिळ शाळेत. देवनागरी अक्षरं आजोबांनी पाटीवर गिरवून घेतली, ती अजून तशीच वाकडी येतात. पण त्या दिवशी कचेरीतले मोठे हुद्देवाले भाऊबंदसुद्धा माझ्या तोंडाकडे बघत गप्प बसायचे. मला ते आवडायचं. का आवडू नये?

आमच्या तळीची एक वेगळी रीत होती. बाकीच्या घरांत पाच जण तळी उचलतात. आमच्याकडे चौघंच: मी, माझा मुलगा आणि दोन चुलतभाऊ. पाचवा पाट मांडायचा, त्याच्यापुढे विडा ठेवायचा आणि तो रिकामा सोडायचा. त्या अंगाला हात नसल्यामुळे ताम्हण वर उचललं की तिकडे कलायचं, आणि नारळ गडगडत त्या काठाशी जाऊन थांबायचा. तो खाली पडू न देणं ही आमची शर्थ. लोक थट्टा करायचे. "माणसं कमी पडत असली तर आमच्यातला एक पाठवू का?" मी म्हणायचो, "ती जागा देवाची आहे. तुमच्याकडं देव जेवून जातो, आमच्याकडं बसतो." बापानं मला तसंच सांगितलं होतं, देवाची जागा.

त्या पाटापुढच्या विड्याला चुना लावायचा नाही, हीही रीत. बायको लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं विचारलं, "अहो, देवाला चुना का नको?" मी म्हणालो, "रीत आहे." ती म्हणाली, "रीत आहे ते दिसतंय. का आहे ते विचारलं." तेव्हापासून दर चंपाषष्ठीला आमचं हेच बोलणं व्हायचं, याच शब्दांत.

पानाचा विषय निघाला की आमच्या घरात सगळेच जाणते. तिरुवैयारूला, म्हणजे पाच नद्यांच्या गावाला, कावेरीच्या काठी आमचा पानमळा. खापरपणजोबाच्या आधीपासूनचा. त्या वर्षांत दुकानांवर सुपारी-तंबाखूच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या आणि पानाला गिऱ्हाईक कमी होत होतं. मुलगा म्हणायचा, मळा काढून केळी लावू. मी ऐकत नव्हतो.

चंपाषष्ठीला दोन दिवस होते. मी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, पानं जुळवत बसलो होतो. एक रिक्षा थांबली. आतून एक बाई उतरली. तिशीची असेल, अंगानं उंच आणि रुंद, केस ढगासारखे, कानामागं पांढरं फूल. कमरेला मोठमोठ्या पानांच्या नक्षीचं कापड गुंडाळलेलं. मोठं देऊळ बघायला येणारे परदेशी वाट चुकून आमच्या गल्लीत शिरतात. मी हात करून देवळाची दिशा दाखवली. ती हसली. दोन्ही हात जोडले आणि सरळ तिण्णैवर मांडी घालून बसली, जसं काही रोज तिथंच बसत होती.

सुनेला हाक मारली. सून कंप्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची, तिला इंग्रजी येत होतं. पुढचं सगळं बोलणं तिच्या तोंडून झालं.

बाई कुठून आली ते सांगायला तिनं माझ्या पानांच्या बादलीत बोट बुडवलं आणि फरशीवर पाण्यानं चित्र काढलं. हा आपला देश. मग नुसताच हात फिरवत गेली, समुद्र, समुद्र, समुद्र. ओट्याच्या पार टोकाला फिजी. तिथून आणखी पुढं सरकून, भिंतीला टेकून, एका बोटाचा ठिपका. ते तिचं बेट. आम्ही बघता बघता तो ठिपका वाळून गेला.

तिचा पणजोबा तंजावरचा होता. उसाच्या मळ्यावर राबायला करार करून फिजीला गेला. करार संपला तरी परत आला नाही. खोबऱ्याच्या बोटीवर चढून त्या ठिपक्यावर उतरला आणि तिथलीच बायको केली. पानांच्या मळ्याचं घर, पाच नद्यांच्या गावाजवळ, भाषा मराठी, एवढं त्यानं मुलांना सांगून ठेवलं होतं. ती चार मराठी घरं फिरली होती. सगळ्यांनी आमच्याकडे बोट दाखवलं.

"हे कशात लिहून ठेवलंय?" मी विचारलं.

"लिहीत नाहीत म्हणे त्यांच्याकडं," सून म्हणाली. "तोंडपाठ असतं."

मग ती बाई उठून उभी राहिली. फूल नीट केलं. डोळे समोरच्या भिंतीच्या वरती कुठंतरी लावले आणि नावं घ्यायला लागली. आधी तिचं, मग बापाचं, मग त्याच्या आईचं, आजीचं. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा ते ठरलेलं. प्रत्येक नावाशी हात जरा हलायचा, वल्हं मारल्यासारखा. आईकडची पूर्वजांची रांग संपेना. गल्लीतली भाजीवाली टोपली उतरवून उभी राहिली. मला श्राद्धाला लागतात तेवढी नावं येतात, बाप, आजा, पणजा. मला वाटायचं ते पुष्कळ झालं. ही बाई एका दमात कुठल्या कुठं गेली, आणि परत येऊन तिनं शेवटी आपल्यातली तीन नावं घेतली. पणजोबाचं, त्याच्या बापाचं, त्याच्या आज्याचं.

दारात बायको उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिनं घेतलेल्या त्या तीन नावांतलं मधलं मी दर श्राद्धाला घेतो.

"ही नावं इथं दर दुसऱ्या मराठी घरात सापडतील," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. "आमचे एक थोरले आजोबा गेले होते, खरं आहे. पण ते बोटीवरच वारले."

बापानं मला हेही सांगितलं होतं. समुद्र ओलांडलेल्या माणसाचं नाव तो घरात काढू देत नसे. मी जे बोललो नाही ते असं की ते थोरले होते. ते जगले असतील, त्यांना पोरंबाळं झाली असतील, तर ती थोरली पाती आणि आम्ही धाकटी. मग टाक त्यांचा, तळीचा मान त्यांचा. हे माझ्या लक्षात तिनं पणजोबाचं सांगितलं तेव्हाच आलं होतं.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, बापाचं हृदय अधू झालंय, तो बेट सोडू शकत नाही. त्यानं एकच विचारून यायला सांगितलंय, आपलं कुणी तिकडं आहे का. बेटावर एकच फोन आहे. चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी, आपल्याकडच्या सकाळी, तो त्या फोनपाशी येऊन बसणार होता.

"तर मग सांगा त्यांना, नाही," मी म्हणालो.

सुनेनं ते इंग्रजीत सांगितलंच नाही. "मामंजी, चंपाषष्ठीला जेवायला थांबायला सांगू का? पाहुणी म्हणून."

"सांग," बायको आतून म्हणाली. "हे काय तिकिटाची खिडकी आहे, ओट्यावरून परत पाठवायला? आणि उद्या मळा दाखवून आणा म्हणावं ह्यांना. मळ्याला तरी तिला ओळख द्यायची लाज नाही."

दुसऱ्या दिवशी तिला तिरुवैयारूला नेलं. बायको आणि सून बरोबर होत्या. पानमळ्यात पहिल्यांदा शिरणाऱ्याची चाल आपोआप हळू होते. बाहेर ऊन कितीही असो, आत हिरवा अंधार, पायाखाली ओल, दोन्ही अंगांना उंच चढलेले वेल. आम्ही चपला बाहेर काढतो. तिनं न सांगता काढल्या. चार पावलं गेली आणि एका पानावर तळवा ठेवून उभीच राहिली.

मग सुनेला काहीतरी सांगून हसायला लागली.

"त्यांच्या बेटावर असंच पान असलेलं एक झुडूप आहे म्हणते," सून म्हणाली. "त्याचं मूळ कुटून पितात सगळे. पणजोबा उतरले तेव्हा ते झुडूप बघून त्यांना वाटलं, घरचं पान इथं आधीच येऊन राहिलंय. पळत जाऊन पान तोडून तोंडात घातलं आणि थुंकले. तिथल्या बायका हसल्या. त्यातली एक मग त्यांची बायको झाली. ही गोष्ट त्यांच्याकडं लहान पोरांनाही येते."

बायको हसली. मी हसलो नाही, पण मी एक चांगलं कोवळं पान खुडून त्या बाईच्या हातात दिलं. पाहुण्याला देतोच आपण. तिनं ते खाल्लं नाही. केसांत फुलाशेजारी खोवलं.

चंपाषष्ठीला सकाळीच भाऊबंद जमले. वांग्यांच्या भरताचा वास घरभर. ती बाई बायकांच्या घोळक्यात भिंतीला टेकून बसली होती. टाकाची पूजा झाली, ताम्हण भरलं. आम्ही चौघं पाटांवर बसलो आणि मुलानं पाचवा पाट मांडून त्याच्यापुढं विडा ठेवला.

ती बाई उठली. सुनेच्या खांद्याला धरून काहीतरी विचारलं.

"मामंजी, तिथं कोण बसणार आहे म्हणून विचारते."

"देव," मी म्हणालो.

बाई मान हलवत राहिली. बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता, आणि सून वाक्यामागून वाक्य सांगत गेली. त्यांच्या घरी वर्षाच्या शेवटी, नाताळाच्या आधी, लाकडाच्या कोरलेल्या थाळीत नारळ आणि हळद ठेवतात. तिथं हळद पूर्वीपासून होते, देवाधर्माला अंगाला लावतात, म्हणून त्या हळदीचं कुणाला नवल नाही. घर आता चर्चला जातं, तरी हे चुकत नाही. थाळीभोवती चौघं बसतात. तीनदा उचलतात. पाचवी चटई रिकामी असते. पणजोबानं हे आपल्या मनानंच सुरू केलं असेल अशी त्यांची समजूत होती. दुसरीकडं कुठं असं करत असतील असं कधी वाटलंच नाही.

"चटई कुणाची, विचार," बायको म्हणाली.

सुनेनं विचारलं. मग सून माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागं राहिलेल्या धाकट्या भावाची. तो येईल तेव्हा त्याला जागा हवी, म्हणून."

भिंतीपाशी एक म्हातारी काकी जप करत होती, ती थांबली.

ती बाई पुढं आली आणि पाटापुढच्या विड्याकडं वाकून बघायला लागली. त्यात काय काय आहे ते सुनेनं सांगितलं, आणि चुना नसतो हेही सांगितलं. त्यावर ती बाई आपल्या खालच्या ओठावर, डाव्या बाजूला, बोट ठेवून बोलली.

"पणजोबांचा ओठ इथं पांढरा होता म्हणे. भाजलेला. पोरं विचारायची, काय झालं. ते सांगायचे, धाकट्या भावानं आयुष्यातला पहिला विडा मला करून दिला, आणि प्रेमानं चुना जास्त लावला."

"मी तीस वर्षं विचारतेय," बायको म्हणाली. मला नाही, कुणालाच नाही.

मला आजोबा दिसले. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. तो पाचवा पाट ते स्वतः मांडायचे. आपल्या उपरण्यानं पुसायचे, पुसून झाला तरी पुसत राहायचे. विडा करताना चुन्याच्या डबीकडं हात जायचा आणि मागं यायचा. देवासाठी विडा करणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो. मी ते सगळं पाहिलं होतं, आणि बापानं सांगितलं ते धरून बसलो होतो, कारण देवाची जागा म्हणण्यात आमची मोठी ऐट होती. दोन भाऊ, मध्ये एवढा समुद्र. एकमेकांचं एक अक्षर नाही, निरोप नाही. आणि दोघांनीही वर्षानुवर्षं एकमेकासाठी जागा धरून ठेवलेली. ते गेले, त्यांची पोरं गेली, जागा राहिली. माझ्या हाताचे केस उभे राहिले. मळ्यात वीज पडताना पाहिलीय मी, तेव्हाही असं झालं नव्हतं.

मी उठलो आणि त्या बाईला पाटाकडं हात केला.

धाकटा चुलतभाऊ कुजबुजला, "अण्णा, बाईमाणूस तळीला?"

आमच्या घरात सगळे मलाच अण्णा म्हणायचे. मी काही म्हणायच्या आत बायको म्हणाली, "तुमचा देव इतकी वर्षं बसायला आला नाही. ही एवढ्या लांबून आली. बसू दे तिला."

ती पाटावर बसली. मी बसलो नाही. माझी जागा मानाची, पहिला येळकोट तिथून निघतो. मी सुनेला म्हणालो, "तिला सांग, ती थोरल्या पातीची आहे. सुरुवात तिनं करायची."

सुनेनं सांगितलं. बाईनं ऐकलं आणि हात जोडून नाही म्हणाली.

"थोरली मी नाही म्हणते. बाप अजून जिवंत आहे. त्याच्या आधी ती कसं तोंड उघडेल, असं म्हणते."

मग मी माझ्या पाटावर बसलो. पाचही जणांनी हात लावला आणि ताम्हण उचललं. साठ वर्षांत पहिल्यांदा ते सरळ वर आलं. कुठंच कललं नाही. नारळ जिथं ठेवला होता तिथंच राहिला, हळदीची रासही हलली नाही. येळकोट माझ्या तोंडून निघाला, पण बारीक निघाला. दुसऱ्या वेळी ती बाईही आमच्यात मिसळली. शब्द नव्हते तिच्याकडं, नुसता लांब सूर होता, पण तो जिथं चढायचा तिथंच चढला आणि जिथं उतरायचा तिथंच उतरला. काकी रडत होती. भंडारा उधळला तेव्हा त्या बाईचे ढगासारखे केस पिवळे होऊन गेले.

मग तिनं पाटापुढचा तो विडा उचलून तोंडात घातला. आम्ही सगळे बघत होतो. सावकाश चावला. थुंकली नाही.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, पणजोबा काय शोधत होते ते आता कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो, कपाळाला भंडारा लावला आणि तिच्याबरोबर चौकातल्या फोनच्या बूथवर गेलो. पिवळी पाटी, आत काचेची खोली, वर लाल आकडे पळणारं यंत्र. दारावर पुड्यांच्या माळा, त्या हातानं बाजूला करून आत शिरावं लागलं. सून दाराशी उभी राहिली. खोलीत दोघांपुरतीच जागा होती. तिनं नंबर फिरवला, पुन्हा फिरवला, आणि मग त्यांच्या भाषेत बोलायला लागली. हसत होती, नाक पुसत होती. मध्येच माझ्याकडं बघून बोलत होती. तिनं काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण बोलता बोलता तिनं हातानं ताम्हण उचलल्यासारखं केलं. मग रिसीव्हर माझ्या हातात दिला.

आत खरखर होती. समुद्राचा आवाज तसा असेल, मी फार समुद्र पाहिलेला नाही. त्या खरखरीतून कुणीतरी म्हातारं खाकरलं.

"अण्णा," मी म्हणालो. बाप गेल्यापासून हा शब्द मी कुणाला वापरला नव्हता. माझाच आवाज फिरून माझ्या कानात आला, आणि थोड्या वेळानं पलीकडून तोच शब्द आला, जरा मोडका. त्याला तो माहीत नसावा. मी म्हटला म्हणून त्यानं म्हटला.

पुढं काय बोलायचं? मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी येत नाही. मग पलीकडून तो नावं घ्यायला लागला. आपलं घेतलं. थांबला. मी माझं घेतलं. त्यानं बापाचं घेतलं, मी माझ्या बापाचं. त्यानं आजोबाचं, मी माझ्या आजोबांचं. ते दोघं भाऊ. आणि मग आम्ही दोघंही त्या दोघांच्या बापापाशी येऊन पोचलो.

ते नाव माझ्या जिभेवर आलं होतं. दर श्राद्धाला, दर तळीला आमच्या घरात तोंड आधी मीच उघडत आलोय. मी ओठ मिटून घेतले, रिसीव्हर कानाशी घट्ट धरला, आणि थोरल्यानं ते आधी घ्यावं म्हणून थांबलो.